बर्फाच्या गाडीचे पाटे

आमची पिकअप माल भरला की बसायची. बर्फाच्या कारखान्यात फळीवरून पहिली लादी घसरत गाडीत आली की मागची बाजू थोडी खाली जायची, दुसरी आली की आणखी थोडी. अर्धी गाडी भरेपर्यंत मागची चाकं वरच्या पत्र्याला जाऊन भिडायची. मग रस्त्यात खड्डा आला की टायर पत्र्यावर घासायचा आणि जळक्या रबराचा वास पुढे केबिनमध्ये यायचा. गाडी आमचे हे चालवायचे. मी शेजारी बसलेली असायची, मला त्यांचे हात स्टीअरिंगवर घट्ट झालेले दिसायचे.

मी गाडीबरोबर जाते कारण लाद्यांवर भाताचं तूस पसरायचं, पोती घालायची आणि ताडपत्री बांधायची हे काम माझं आहे. तूस कमी पडलं तर बोईसरहून शिरगावला पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होतं. मला चार माणसांत बोलता येत नाही. कारखान्यातली माणसं काही विचारतात तेव्हा मी ताडपत्रीची गाठ पुन्हा सोडते आणि पुन्हा बांधते. माझी चौथीनंतर शाळा सुटली, पण लिहायचं विसरले नाही. जे बोलता येत नाही ते लिहिते.

ह्यांनी तारापूरच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. पिंपं उचलायची आणि रिकामी करायची हे त्यांचं काम होतं. त्या पिंपांत काय असायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तळहाताची कातडी साबणाच्या पापुद्र्यासारखी निघायची. जेवायला बसले की खोकला यायचा, आणि घास गिळायला वेळ लागतो म्हणून ते सगळ्यांच्या आधी ताटावर बसायचे, सगळ्यांच्या नंतर उठायचे. मग ही जुनी पिकअप आली आणि ते कंपनीतून बाहेर पडले. बर्फ, मासे, कधी जाळी, जे मिळेल ते वाहायला लागले. वर्षभरात त्यांचा खोकला एवढा कमी झाला की सासूबाई म्हणाल्या, आता हा घरात कधी आला, कधी गेला ते कळत नाही.

पण पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा गाडीला काम नसतं. त्याच दिवसांत ठेकेदाराचा फोन आला की जागा रिकामी आहे, मासेमारी सुरू व्हायच्या आत काय ते सांग. आणि त्याच आठवड्यात ह्यांचे मामा घरी आले. मामांच्या स्वतःच्या होड्या आहेत आणि बंदरावर त्यांचा शब्द चालतो. त्यांनी ओट्यावर बसूनच सांगितलं. होड्या भरतीच्या पाण्यावर निघतात. अर्धा बर्फ आधी आणि अर्धा मागाहून आला तर दुसरी खेप येईस्तोवर पाणी उतरलेलं असतं, होडी चिखलात उभी राहते आणि खलाशी विड्या ओढत बसतात. पालघरचा एक टेम्पोवाला सगळा माल एका खेपेत द्यायला तयार आहे.

"तू भाचा हायेस म्हनून आधी तुला विचारतंय," मामा म्हणाले. "पयल्या दिवशी सगळा बरफ एका खेपेत आन. आनलास तर पुऱ्या हंगामाचा तूच."

मामा गेल्यावर हे गाडीखाली वाकून बराच वेळ बघत राहिले. गाडीच्या कागदांवर जेवढं वजन न्यायची परवानगी आहे त्यात मामांचा सगळा बर्फ बसत होता. ताकद कागदावर होती, गाडीत उरली नव्हती. मागच्या पाट्यांना कमान राहिली नव्हती. मीही वाकून पाहिलं. चाकांच्या वर लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक बांधलेल्या होत्या, खाली लांब आणि वर आखूड की उलटं, तेव्हा मला नीट कळलं नाही. एवढंच दिसलं की त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या असायला हव्या होत्या आणि त्या मात्र सरळ फळीसारख्या पडल्या होत्या. गाडीचा सगळा भार त्या पट्ट्यांवर असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, भार चाकांवर असतो.

कुणीतरी बोईसरच्या बाहेर, तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला पाटे करून देणारा एक मिस्त्री सांगितला. आम्ही रिकामी गाडी घेऊन गेलो. मला वाटलं होतं मोठं गॅरेज असेल. होती ती पत्र्याची शेड, तीन बाजूंनी उघडी, आणि समोर जुन्या मोडक्या पाट्यांचा ढीग. मधोमध जमिनीत भट्टी होती आणि तिच्याजवळ झाडाच्या बुंध्यात रोवलेली ऐरण. मिस्त्री पन्नाशीचा असेल. त्याची बायकोही तिथेच होती. नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून खोचलेलं, पायांत टायरच्या चपला, आणि हातात घण. मी आधी समजले की ती घण बाजूला ठेवायला निघालीय. पण नाही, घण तिचाच होता.

ते घिसाडी लोक. त्यांचे आईबाप गाढवांवर ऐरण आणि भाता लादून गावोगाव हिंडायचे, विळे-कोयते करून द्यायचे. कोयत्याला सगळ्यात चांगलं लोखंड म्हणजे मोटारीचा मोडका पाटा, म्हणून पाटे त्यांच्या हातांच्या ओळखीचे. मग हे दोघं एकाच जागी राहिले आणि पाट्यांचे कोयते करायच्या ऐवजी पाट्यांचे पाटेच करायला लागले. हे मला त्या बाईने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मला बोलता येत नाही हे तिने लगेच ओळखलं असावं, कारण ती एकटीच दोघींपुरतं बोलत होती.

गाडी जॅकवर चढवून खाली लाकडाचे ठोकळे दिले. मिस्त्रीने पान्याला लांब नळी लावली आणि नट फिरवायला घेतले, ते इतके गंजले होते की फिरताना ओरडत होते. मागचा एक जुडगा सुटून खाली आला. त्याचा मधला बोल्ट काढल्यावर पाटे एकमेकांपासून सुटे झाले. त्यांच्यामधून लाल गंजाचा चुरा पडला, आणि त्या चुऱ्यात मिठाची चव असणार असं मला वाटलं, कारण आमच्या गाडीवर रोज बर्फाचं आणि माशांचं पाणी गळतं.

बाईने सगळे पाटे एका रांगेत मांडले. मग एकेक पाटा दोन बोटांवर मधोमध तोलून धरायचा आणि हातोडीने हलकेच टक करायचं. पाटा वाजायचा. देवळातली लहान घंटा दुरून ऐकू यावी तसा. ती कान वाकडा करून नाद पुरता विरेपर्यंत थांबायची, मगच तो खाली ठेवायची. एका पाट्याला टक केलं तर नुसता ठप्प आवाज आला. मला तर तो पाटा दुसऱ्यांसारखाच दिसत होता. तिने त्याच्यावर रॉकेलचं बोट ओढलं, पुसलं आणि वरून खडूची भुकटी टाकली. थोड्या वेळाने पांढऱ्या भुकटीत केसासारखी काळी रेघ उमटली.

"हितून मोडला आसता," ती म्हणाली. "भरल्या गाडीत, उतारावर."

त्या पाट्यावर मी रोज बसून जात होते.

मिस्त्रीने जमिनीवर खडूने आमच्या सगळ्यात मोठ्या पाट्याची वाक आखली. ती जवळजवळ सरळ रेघ होती. मग तिच्यावर मनाने दुसरी वाक काढली, कमानीची. दोन्ही टोकं एकच, पण मध्ये चांगला वीतभर फरक. एवढी आमची गाडी दमली होती. ते बघून हे म्हणाले, एवढ्या पट्ट्या कशाला, एकच जाड पट्टी घातली तर काम भागणार नाही का. मिस्त्री म्हणाला, जाड पट्टी वाकत नाही आणि जी वाकत नाही ती मोडते. पातळ पातळ असल्या की एकमेकींवर सरकतात, थोडं थोडं वाकतात आणि परत येतात. मोडक्या पाट्याच्या जागी नवीन घालू, त्याशिवाय दोन पाटे वाढवू, आणि सगळ्यांच्या वर एक जाडसर मदतीचा पाटा ठेवू. गाडी रिकामी असेल तेव्हा तो कशाला टेकणारच नाही. माल पडला आणि बाकीचे दबले की मग तो भार घ्यायला सुरुवात करेल.

हे सगळं मला समजलं याचंच मला नवल वाटलं. आणि लोखंडाबद्दल कुणी असं बोलतं याचंही.

मग भट्टी पेटवली. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा होता, पण कोळशाचा तो घुर्र आवाज तोच असेल. पाटा आधी काळाच राहिला. मग कडा तांबूस झाल्या, मग पिकल्या टोमॅटोसारखा लाल, मग पळसाच्या फुलासारखा. मिस्त्रीने तो चिमट्याने ऐरणीवर घेतला आणि हातातल्या लहान हातोडीने त्याच्यावर एका ठिकाणी टिचकी मारली. बाईचा घण वरून तिथेच आला. त्याने दोन बोटं पुढे टिचकी मारली, घण तिथे. तो एक शब्द बोलत नव्हता. कुठे मारायचं ते टिचकी सांगायची, किती जोरात तेही तीच सांगायची, आणि त्याने हातोडी ऐरणीच्या मोकळ्या जागेवर आडवी टेकवली की घण हवेतच थांबायचा. हवेत, डोक्याच्या वर. एवढं वजन तिने तिथे कसं धरलं असेल ते मला कळेना. तिच्या दंडावर हिरवं गोंदण होतं आणि घण उचलला की ते लांब व्हायचं.

आमचे हे चहा प्यायला मला बोलावत होते. मला उठवेना. मी उपड्या पिंपावर बसून होते, तोंडावर पदर धरून, आणि माझं तोंड पदराखाली उघडं राहिलेलं होतं. आमच्या घरात दोन माणसं एक खाट उचलून दारातून बाहेर काढायची तर दहा वेळा इकडे, नाय तिकडे, आवर, सोड, असं होतं. इथे आग, लोखंड आणि घण यांच्यामध्ये दोन माणसं होती आणि त्यांच्यात चुकीला जागा नव्हती. लाल लोखंड हळूहळू खडूच्या वरच्या वाकेसारखं होत गेलं. मिस्त्रीने ते रेघेवर धरून पाहिलं, एका टोकाला आणखी एक टिचकी दिली, तिने एक घाव घातला, आणि पाटा तेलाच्या टाकीत गेला. केवढा धूर उठला. तेल उकळल्यासारखं ओरडलं आणि मग गप्प झालं.

मला वाटलं झालं. पण बाई म्हणाली, आता हा कडक झालाय, पण काचेसारखा, टाकला तर फुटेल. पुन्हा त्याला मंद आचेवर धरलं. मग तिने एक बाभळीची काठी घेतली आणि तापलेल्या पाट्यावर घासली. काठी नुसती घसरली. थोड्या वेळाने पुन्हा घासली, धूर आला. पुन्हा थांबली. शेवटी घासली तेव्हा काठीच्या टोकाला बारीक ठिणग्या आल्या, तशी तिने मान हलवली आणि पाटा बाहेर काढून मातीवर निवायला ठेवला. तिने तो भाकरी भाजल्यासारखाच भाजला होता, आणि भाकरीसारखंच तिला कळलं होतं की झाला.

सगळे पाटे बांधून गाडी खाली उतरवली तेव्हा ती मागून इतकी उंच झाली होती की मला चढायला पायरी शोधावी लागली. घरी आणली तर रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती उडत होती. सासूबाईंना दुसऱ्या दिवशी पालघरला दवाखान्यात न्यायचं होतं. त्या परत आल्या त्या कंबर धरूनच उतरल्या. आमच्या ह्यांना म्हणाल्या, "बाबू, ही गाडी हाय का बोकड? बापाच्या होडीत लाटांवर बसली, पन असं कदी आपटली नाय मी."

हे हसले. म्हणाले, "आये, तुजं वजन कमी पडतंय तिला. बरफ भरला म्हंजी गप बसंल."

"मंग मला नको, बरफालाच दवाखान्यात ने," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मासेमारी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी आम्ही खात्री करून घ्यायचं ठरवलं. एका हॉटेलवाल्याला आणि पलीकडच्या गावातल्या दोघातिघांना बर्फ हवा होता, तो सगळा मिळून मामांच्या मालाएवढा झाला. गाडी पूर्ण भरली. मी मागून पाहिलं, आणि खरंच, गाडी बसली नाही. थोडी दबली आणि थांबली. मदतीचा पाटा टेकला होता आणि भार घेत होता. चाकावर माझी पूर्ण मूठ जाईल एवढी जागा राहिली होती. मी मूठ घालून पाहिली.

पण कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलो तसे हे स्टीअरिंग पुन्हा पुन्हा इकडेतिकडे फिरवून बघायला लागले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, स्टीअरिंग हातात येत नाही. रेल्वेच्या पुलावर चढताना मला दिसलं की ते चाक वळवत होते आणि गाडी जरा उशिराने वळत होती, जणू तिने आधी विचार केला. समोरून एक टँकर आला. ह्यांनी गाडी अगदी कडेला घेतली, घेतली म्हणजे ती आपणहून तिकडे सरकली, आणि कठड्याच्या एवढ्या जवळून गेली की माझ्या बाजूचा आरसा दुमडला. मी खिडकीची दांडी धरून ठेवली होती. पूल उतरल्यावर ह्यांनी गाडी उभी केली आणि उतरून चारही चाकं दाबून पाहिली. मग गाडी अगदी हळू चालवत कसाबसा माल पोचवला. पोचायला इतका वेळ लागला की भरती असती तर उतरून गेली असती.

त्या दिवशी जेवताना ते म्हणाले की मिस्त्रीने पाटे वाढवले पण गाडीचं वाटोळं केलं. मग म्हणाले, ठेकेदाराला सांगायला पाहिजे, येतो म्हणून. सासूबाईंनी त्यांच्या ताटात कालवण वाढलं आणि हात तिथेच ठेवला, ताटाच्या कडेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भांडायला म्हणून बोईसरला निघाले आणि मी न विचारता गाडीत जाऊन बसले. शेडमध्ये मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. हे बरंच बोलले, आवाज चढवून बोलले. पुढची चाकं हवेत तरंगतात म्हणाले. मिस्त्री गाडीखाली गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. त्याला काही सापडेना. बाई घण जमिनीवर टेकवून, दांड्यावर हनुवटी ठेवून उभी होती. ती ह्यांच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"ताई, तुमी आसता ना गाडीवर," ती म्हणाली. "माल कसा रचता? दावा बरं मला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पदर तोंडावर घेतला. पण तिने ढिगातले मोडक्या पाट्यांचे तुकडे उचलून माझ्या पायाशी आणून टाकले, आणि एक फळी ठेवून म्हणाली, ही तुमची गाडी. मग मला करावंच लागलं. मी फळीवर तुकडे रचले. पुढे केबिनच्या मागे एकच थर, तिथेच माझी तुसाची पोती. आणि मागे उघडणाऱ्या फाळक्याच्या अंगाला दोन थर. आम्ही नेहमी असंच रचतो.

"मागं जास्त का?"

मी हळूच सांगितलं. "नाळ वर राहाया पायजे ना."

कुणाला कळलंच नाही. म्हणून मला पुन्हा सांगावं लागलं, की नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, ते वर राहायला पाहिजे, म्हणून भार मागे घ्यायचा. मिस्त्रीने आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि मग तो खाली मातीतच बसला आणि हसायला लागला. "अहो भाऊ," तो म्हणाला, "तुमी गाडीत बसून दर्यावर निगालाय व्हय?"

आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. ते लहानपणी वडिलांच्या होडीवर जायचे, आणि बर्फ आणि जाळी कुठे ठेवायची हे काम त्यांचं असायचं. खाडीच्या तोंडाशी लाट फुटते, तिथे नाळ खाली असलेली होडी लाटेत शिरते आणि शिरलेली होडी वर येईल याचा भरवसा नसतो. हे वडिलांनी त्यांना एकदा सांगून ठेवलेलं, ते हातात बसलं होतं. दर्यावर ते खरंच आहे. बर्फाच्या कारखान्यातही माल चढवणारे खलाशांच्याच घरातले. त्यांनीही कधी विचारलं नाही. पाटे मऊ होते तोवर गाडी अर्धीच भरत होतो, म्हणून पुढची चाकं कशीबशी रस्ता धरून होती. आता पूर्ण माल पडला आणि तिची नाळ खरंच वर आली.

बाई हसली नाही. तिने मला विचारलं, "तुमी डोक्यावर टोपली घेता ना मासळीची? मागच्या अंगाला जास्त भरली तर?"

मी म्हणाले, मान वर होते आणि पायाखालचं दिसत नाही.

"तेच तिचं झालंय," ती म्हणाली, आणि गाडीच्या पुढच्या बाजूवर हात ठेवला, म्हशीच्या कपाळावर ठेवतात तसा.

त्यांनी ढिगातलं भंगार आमच्या गाडीत भरलं, जड ते केबिनला टेकवून, हलकं मागे. आम्ही पाम गावापर्यंत जाऊन यायचं ठरलं. हे चालवायला बसले, मी मध्ये, आणि ऐन वेळी बाई लुगडं सावरत माझ्या शेजारी चढली. मिस्त्री म्हणाला, तू कुठं निघालीस. ती म्हणाली, बघू दे की. गाडी रस्त्याला लागली. वळण आलं, गाडी वळली. खड्डा आला, आत गेली, वर आली आणि गप्प झाली. ह्यांनी वेग थोडा वाढवला. बाई खिडकीबाहेर बघत नव्हती, मागे कान देऊन पाटे ऐकत होती. प्रत्येक धक्क्याला तिचे ओठ हलत होते.

परतीच्या वाटेवर ती मला म्हणाली, "आजवर किती पाटे ठोकले. पन वर बसून कदी गेले नव्हते, बाई. आसं लागतं व्हय."

तिचा हात माझ्या मांडीवर होता. तळवा लाकडासारखा. मला आजही सांगता येणार नाही की तेव्हा मला काय झालं. एवढंच आठवतं, की आम्ही दोघी एका लोखंडावर बसलो होतो आणि ते लोखंड तिने वाकवलं होतं, आणि ते आमच्याखाली वाकत होतं आणि पुन्हा उठत होतं.

पहिल्या दिवशी आम्ही उजाडताच कारखान्यात होतो. लाद्या चढवणाऱ्यांना ह्यांनी स्वतः उभं राहून सांगितलं, आधी पुढे. ते कुरकुरले. एक म्हणाला, अरे नाळ बुडवतोस काय. हे म्हणाले, बुडू दे. मी तूस पसरलं, पोती आणि ताडपत्री घातली, दोरी ओढली. रस्त्यावर कंपन्यांच्या पाळीची गर्दी होती, बसेस आणि सायकली. ह्यांचं लक्ष त्या बसेसकडे गेलं नाही असं मी म्हणणार नाही. पुलावर चढताना मी खिडकीची दांडी धरायला हात उचलला आणि मग धरली नाही. गाडी जड होती, जड गाडी जशी जाते तशी संथ गेली, पण हातात होती. समोरून आलेल्या टँकरला तिने रीतसर वाट दिली. मागून मदतीच्या पाट्याचा एक दबका आवाज यायचा, मोठं माणूस बसता बसता हुं करतं तसा.

बंदरावर पोचलो तेव्हा पाणी अजून चढत होतं. होड्या पताका लावून सजल्या होत्या, नाळीवर नारळ फोडून झाले होते, आणि खलाशी घमेली घेऊन वाट बघत होते. बर्फ फोडायची मशीन सुरू झाली. मी ताडपत्री सोडली. पहिली लादी आकड्याने ओढून बाहेर काढली, आणि मी पाहिलं की गाडी उचलली गेली. अगदी थोडीशी. दुसरी गेली, आणखी थोडी. बर्फ भरताना गाडी खाली जाते एवढंच मी इतकी वर्षं बघत आले होते. तिला वर येताना मी कधी पाहिलं नव्हतं, कारण आमचे पाटे वर यायचे विसरले होते. मी चाकाजवळ उकिडवी बसून बघत राहिले. पाटे एकमेकांवर सरकत, एकेक सुटत कमानीत येत होते, कुणी हात न लावता. माझ्या पायांवर बर्फाचं पाणी गळत होतं आणि मला ते कळलंही नाही. इतका भार घेतलेलं लोखंड, भार गेल्यावर आपली जागा लक्षात ठेवून तिथे परत येतं. हे देवाने केलेलं असतं तर मी हात जोडले असते. हे माणसांनी केलेलं होतं, त्यांतली एक बाई माझ्या शेजारी बसून आली होती, म्हणून मी नुसती बघत बसले.

शेवटची लादी गेली तेव्हा मामा आले. त्यांनी रिकाम्या गाडीकडे पाहिलं, मग पाण्याकडे. होड्या तरंगत होत्या.

"उद्या दुसऱ्या होड्या जायच्यात," ते ह्यांना म्हणाले. "पानी आजच्यापेक्षा जरा उशिरा चढंल. तवा ये. परवाचं उद्या सांगतंय." आणि ते दुसऱ्या कुणाला तरी ओरडायला निघून गेले. पालघरच्या टेम्पोचं नाव कुणी काढलं नाही.

ह्यांनी तिथेच उभं राहून ठेकेदाराला फोन लावला. मशीनच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं, त्यामुळे बंदरावरच्या सगळ्यांनी ऐकलं. म्हणाले, नाही, मी येत नाही, माझ्या जागी दुसरा बघा. मग फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. आम्ही ताडपत्रीची दोन टोकं धरली आणि तिचं पाणी पिळून काढलं.